उंबरापासून काठापर्यंत

सुंदरा लग्न होऊन उंबरपाड्यात आली तेव्हा घराच्या ओट्यावरून पेज नदी दिसत नसे, फक्त ऐकू येई. घरापुढे अंगण, अंगणाच्या टोकाला जुना उंबर, उंबरापासून पुढे भाताचं एक लांबट खाचर. खाचराच्या शेवटी निर्गुडी आणि करंजाची दाट झाडी होती आणि झाडीच्या पायथ्याशी पुरुषभर खोल दरड. पाणी त्या दरडीखाली. पहिल्या पावसाळ्यात ती रोज सकाळी ओट्यावर उभी राहून कान देई. पाणी वाढलं की झाडीमागून जात्यासारखी घरघर येई. ती घरघर तिच्या ओळखीची होती, कारण तिचं माहेर काठेवाडी नदीच्या बरोबर पलीकडे होतं. लहानपणापासून तिनं तोच आवाज दुसऱ्या बाजूनं ऐकला होता.

माहेरी जायचं तर उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून जाता येई. फक्त वेळ बघावी लागे. भिवपुरीच्या पावरहौसचं पाणी सोडलं की नदी भर वैशाखातही हातभर चढायची. त्याआधी पलीकडे पोचायचं, आणि पाणी ओसरलं की परत यायचं. धाकटा भाऊ वाल्मिक काठावरून ओरडायचा, "बाय, लवकर ये गं, पानी आलं बघ!" आणि पाणी आलेलं नसतानाही ती पदर खोचून धावत सुटायची.

पाठवणीच्या दिवशी आईनं तिच्या ओटीत तांदळाबरोबर हळदीचे पाच कोंब घातले होते. ते तिनं खाचराच्या टोकाला, झाडीच्या अलीकडे, भुसभुशीत मातीत लावले. पाचांच्या दहा वर्षांत दोन ओळी झाल्या. नागपंचमीला पातोळ्यांसाठी अर्ध्या पाड्याच्या बाया तिच्याकडे पानं मागायला येत. पलीकडे आई वारल्यावर माहेरची हळद मात्र कुजून संपली.

नवऱ्याचं, आबाजीचं, एक वेड होतं. दसऱ्याला आपट्याचं पान उंबराच्या बुंध्याला लावून तो अनवाणी निघायचा आणि नदीच्या काठापर्यंत पावलं मोजायचा. त्याचा बाप पदू मोजायचा म्हणून तोही मोजायचा. बहात्तर. दरवर्षी बहात्तर. एकदा एकाहत्तर आली तेव्हा तो परत उंबराशी गेला, पुन्हा चालत आला आणि म्हणाला, "पाय आखडला हुता मगाशी."

सुंदरा हसली होती. "जमीन काय पळून जातेय काय?"

"जात नाय म्हनून तर मोजायची."

सत्तावन्न सालच्या माघात डोंगरावर टहाळ तोडायला बंदी आली. लावणीच्या रोपासाठी वाफा भाजायचा म्हणजे राब हवा, आणि राबाला टहाळ हवा. खाली शेणी, वर झाडाचा पाला-फांदी, त्यावर पेंढा आणि माती, मग वाऱ्याच्या तोंडाकडून आग. त्याशिवाय रोप जोमानं उठत नाही, हे इथल्या पोरालाही ठाऊक. शेजारच्या कान्हाचा कोयता जंगलखात्याच्या शिपायानं डोंगरावर काढून घेतला होता. तो चार दिवस कोयत्याची रिकामी आकडी कमरेला लावून हिंडत होता आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला वेगळं काहीतरी सांगत होता.

आबाजी ओट्यावर गुडघ्यांत हात घालून बसला. चैत्र लागला तरी वाफ्यावर नुसत्या शेणी पडल्या होत्या.

"काठची झाडी हाय की," सुंदरा म्हणाली.

"कुटली?"

"आपलीच. निरगुडी नि करंज. पाला बक्कळ हाय."

आबाजीनं झाडीकडे पाहिलं. "बापानं लावलीय ती."

"मंग काय झालं? तोडली तरी फुटंल परत. निरगुडीला मरन हाय होय?"

दोन दिवस तो उंबरापर्यंत जाऊन परत आला. तिसऱ्या दिवशी कोयता घेऊन झाडीत शिरला. सकाळपासून दुपारपर्यंत तो तोडत होता आणि सुंदरा भारे बांधून डोक्यावरून वाफ्यावर आणत होती. वाफाही काठाजवळच होता, म्हणून काम झपाट्यानं झालं. निर्गुडीच्या कडू वासानं तिचं डोकं भणभणलं. मानेवर पाल्याचा हिरवा डाग पडला तो चार दिवस गेला नाही. झाडी निघाली आणि खालचं पाणी पहिल्यांदाच उंबराखालून दिसलं. उन्हात चमकत होतं. तिला ते आवडलं. पलीकडे माहेरचं कौलारू छप्पर दिसत होतं, आणि छपराखाली हिरू भावजय कसलंतरी वाळवण घालत होती. सुंदरानं हात हलवला.

आबाजी बाजाराला गेला त्या दिवशी तिनं आणखी एक काम केलं. तोडलेल्या झाडीचे बुंधे काठावर उभे होते. पावसाळ्यात चुलीला सुकं सरपण मिळत नाही, धुरानं डोळे जातात. तिनं कुदळ घेतली आणि एकेक बुंधा मुळासकट उपटला. करंजाची मुळं हातभर खोल गेली होती आणि एकमेकांत खाटेच्या सुंभासारखी गुंतली होती. ती ओढताना दोनदा ती पाठीवर आपटली. संध्याकाळपर्यंत पडवीत मुळांचा मोठा ढीग झाला. आबाजी आला, त्यानं ढीग पाहिला, पाय धुतले आणि जेवायला बसला.

त्या वर्षीचं रोप पाड्यात कुणाचं नव्हतं असं आलं. काळपट हिरवं, बुडाशी जाड, मुठीत धरलं तर करकर वाजायचं. कान्हा येऊन बघून गेला. "काय घातलंस रं आबाजी, राबात?"

"बापाची कमाई," आबाजी म्हणाला.

लावणी उरकली. श्रावण लागला आणि चार दिवस पाऊस थांबला नाही. नागपंचमीच्या आदल्या दुपारी दोघं जेवत होती. सुंदरा भाकरी मोडता मोडता म्हणाली, "पाऊस वाईच थांबला की पानं काढून आनते." तेवढ्यात बाहेर धप्प असा आवाज झाला, भाताचं पोतं ओट्यावर टाकावं तसा. मग बारीक चुळचुळ. मग पुन्हा धप्प.

दोघं इरली घेऊन धावली. नदी तांबडी झाली होती आणि वळणावर त्यांच्याच काठाला चिकटून वाहत होती. दरड वरून कोसळत नव्हती. पाणी खालून माती खात होतं, वरचा थर थोडा वेळ छज्ज्यासारखा अधांतरी राही, मग त्यावरच्या रोपांसकट एकदम बसे. सुंदराच्या डोळ्यांदेखत राब भाजलेला काळा वाफा गेला. मग हळदीची एक ओळ गेली. दुसरी ओळ थोडी वाकली, पानं पाण्यावर टेकली, आणि तीही गेली. आबाजीनं तिचा दंड धरून मागे ओढलं. त्याचा घास अजून तोंडातच होता.

दसऱ्याला एकसष्ट पावलं भरली.

पुढल्या वर्षी एकोणपन्नास.

नदी घेते तेवढी देतेही, आणि ते साऱ्या पाड्याला दिसत होतं. पलीकडे, वळणाच्या आतल्या बाजूला, वाल्मिकच्या शेतापुढे मळई साचत होती. आधी नुसती रेतीची पाठ पाण्याबाहेर आली. दुसऱ्या पावसाळ्यात तिच्यावर वीतभर गाळ बसला, मऊ, लोण्यासारखा. भात कापल्यावर वाल्मिकनं त्यावर वाल टोकले. मार्गशीर्षात अलीकडून बघितलं तर हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी दिसायची.

आबाजी दरडीवर बसून ती सतरंजी बघायचा.

"माजी जमीन तिकडं पिकतेय," तो म्हणाला.

"त्याला काय करनार वाल्मिक?"

"काय करनार? उतारावर दगडांची रांग कुनी टाकली?"

वाल्मिकनं नदी ओलांडायला पाच-सात दगड टाकले होते हे खरं होतं. हिरूला पाय ठेवायला. गुडघ्याएवढेही नव्हते. पण आबाजीनं तेच दगड धरले. त्या दगडांनी धार अलीकडे ढकलली, असं तो पाड्यात सांगू लागला. पारावर, गिरणीवर, कान्हाच्या ओट्यावर. मग त्यानं तलाठ्याला आणून काठ दाखवला. तलाठ्यानं छत्री मिटून दरडीवरून खाली वाकून पाहिलं, पलीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "गेली ती गेली. ज्याच्या काठाला लागली त्याची. नदीवर काय फिर्याद लावणार?"

एवढं झाल्यावर जमलेले लोक हसले नाहीत, पण कुणीतरी मागून खोकलं. आबाजीच्या कानशिलाची शीर उडताना सुंदराला दिसली.

त्या भाऊबिजेला वाल्मिक आला. नवा सदरा, केसांना तेल, डोक्यावर टोपली. टोपलीत गेल्या हंगामातले वाल होते, कडवे, टपोरे, आणि वरच्या फडक्यावर मीठ-पापडाची पुडी. सुंदरानं पाट मांडून ठेवला होता, निरांजनात वात घातली होती. वाल्मिक ओट्याची पहिली पायरी चढला.

"काय आनलंस?" आबाजीनं विचारलं.

"वाल हायत, दाजी. मळईवरलं."

"माज्याच शेतातलं पीक मलाच आनून देतोस? किती उपकार रं तुजे."

वाल्मिकचा पाय पायरीवरच राहिला. "दाजी, मी काय नदी वळवली?"

"दगड कुनी टाकलं?"

"पाच दगड..."

"चल, निघ."

वाल्मिकनं सुंदराकडे पाहिलं. तिच्या हातात ताम्हण होतं. तिला बोलता आलं असतं. काठची झाडी मीच तोडायला सांगितली, मुळं मीच उपटली, असं एका दमात सांगता आलं असतं. तिनं ताम्हण खाली ठेवलं. वाल्मिकनं डोक्यावरची टोपली सावरली, पायरी उतरला, आणि उंबराखालून वळताना एकदाही मागे पाहिलं नाही. संध्याकाळी आबाजी म्हणाला, "आजपास्नं पल्याड जायाचं नाय. त्यांच्या घरचं पानीसुद्धा नको." सुंदरा चूल फुंकत होती. आत करंजाचं शेवटचं मूळ जळत होतं.

दोन वर्षं ती माहेरी गेली नाही. हिरूला मुलगी झाली ते तिला पाड्यातल्या बायांकडून कळलं. उन्हाळ्यात पाणी कमी असताना ती धुण्याला जाई आणि पलीकडे हिरूही धुण्याला येई. दोघींच्या मधे पन्नास हात पाणी. दोघी आपापल्या दगडावर कपडे आपटत. पण दोघींचं धुणं कधी एका तालात येत नसे. एकदा हिरू ओरडली, "वन्सं, हळदीचा एक कोंब तरी द्या वो! आमची सगळी संपली!" सुंदराला ओरडून सांगावंसं वाटलं, माझीही संपली गं. तिनं नुसती मान हलवली.

एकसष्ट सालच्या भाद्रपदात म्हातारा लडकू दारात आला. तो एकटाच राहायचा आणि मासे धरून इकडेतिकडे वाटायचा. भातशेतीतलं त्याला काही कळत नसे, पण नदीतलं त्याला सगळं ठाऊक होतं. त्यानं ओट्यावर एक पुडकं ठेवलं. "चार मळवं हायत. कालवन कर."

सुंदरानं पुडकं उचललं आणि तिचा हात थांबला. मासे हळदीच्या पानात गुंडाळले होते. तिनं पान नाकाशी नेलं.

"लडकूबाबा, ही पानं कुटली?"

"खालच्या वळनावरली. आपल्याच अंगाला, अर्धा कोस खाली. गाळात उगावलीय. कुनी लावलीय तर दिसत नाय."

ती मासे तसेच ठेवून निघाली. काठाकाठानं, कमरेएवढ्या गवतातून. खालच्या वळणावर नदी उलटी वळत होती. तिथं पलीकडची दरड तुटत होती आणि अलीकडे, त्यांच्याच अंगाला, गाळाचं एक लांबट बेट काठाला चिकटलं होतं. त्यावर हळदीची दाट झुडपं उभी होती. कुणी लावल्यासारखी ओळीत नव्हती, मूठभर धान्य फेकावं तशी विखुरलेली. तिनं गुडघे टेकले आणि हातानं माती उकरली. खालून पिवळा गड्डा निघाला. पाण्याकडच्या बाजूला गाळाची कड कापली गेली होती, तिथं थर उघडे पडले होते. एक रेतीचा, त्यावर मऊ मातीचा, पुन्हा रेती, पुन्हा माती, घडी घातलेल्या लुगड्याच्या काठासारखे. सगळ्यांत खाली दोन बोटं जाडीची काळी रेघ होती. तिनं नखानं खरवडली. कोळसा. राबाचा.

मग घरी येऊन तिनं भाताच्या तुसाची टोपली भरली. आपल्या दरडीवर उभी राहून तिनं तूस पाण्यात ओतलं आणि त्याच्याबरोबर काठानं चालू लागली. तूस आपल्याच काठाला घासत गेलं. वाल्मिकच्या मळईकडे एक काडीसुद्धा वळली नाही. वळण संपल्यावर बरंचसं मधल्या धारेनं वाहून गेलं. उरलेलं रेंगाळत, गिरक्या घेत त्या खालच्या गाळाशी आलं आणि पाणी मंद झालं तिथं पिवळ्या फेसासारखं टेकलं. तिला खात्री वाटेना. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा एक टोपली सोडली. तिसऱ्या दिवशी आबाजीला घेऊन गेली.

तो वाटेत एकदाच बोलला. "येड लागलंय काय तुला? तुसाच्या मागं फिरतेय म्हनत्यात बाया."

"म्हनू द्या."

तूस खालच्या वळणाशी लागलं तेव्हा त्यानं पाहिलं. हळद पाहिली. "हळद काय तुज्या एकटीचीच हाय नदीवर?"

"मंग ह्ये काय?" तिनं काळी रेघ दाखवली.

आबाजी उकिडवा बसला. त्यानं ती माती चिमटीत धरली, चुरली, तळहातावर पसरली. कोळशाचे बारीक कण चमकले. त्याचा चेहरा हळूहळू खाली झुकला.

"वाल्मिककडं आपली माती गेलीच नाय," सुंदरा म्हणाली. "त्याच्याकडं वरल्या वळनाची येती. आपली इथं येती. आनि दगडांचं काय नाय. झाडी मी तोडाया लावली. मुळं मी काढली, चुलीला. तुमी बाजाराला गेला तवा."

"ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"पडवीत ढीग हुता. मी आंधळा हाय काय?" तो हातावरची माती झटकत नव्हता. "राब पायजे हुता. मीबी काय बोललो नाय. मंग जमीन गेली. तुला बोललो असतो तर घरात रोज तेच झालं असतं. तू गप ऱ्हायली असतीस, मी बोलत ऱ्हायलो असतो."

"म्हनून वाल्मिकवर टाकलंत?"

"तो पल्याड हुता."

सुंदराला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचे कान गरम झाले. "नि मी दोन वरसं म्हायेर सोडलं ते? हिरूची पोर चालाया लागली. मी तिचं तोंड पाह्यलं नाय. ते कशापायी वो?"

नदीवर एक खंड्या सरळ रेघेत उडत गेला. आबाजी उठला, सुंदराकडची कुदळ घेतली, आणि हळदीचा एक गड्डा मुळाभोवतीच्या मातीसकट काढून तिच्या टोपलीत ठेवला. मग दुसरा. टोपली भरली तशी त्यानं ती स्वतःच्या डोक्यावर घेतली.

नवरात्राच्या आधी पाऊस उघडला. पाणी मांडीएवढं उतरलं तेव्हा दोघं हळदीची टोपली घेऊन नदीत उतरली. मधल्या धारेत आबाजीचा पाय घसरला, एका दगडाला धरून सावरला. वाल्मिकच्या पाच दगडांपैकीच एक. सुंदरानं बघितलं आणि तोंड फिरवून घेतलं, हसू दिसू नये म्हणून.

वाल्मिक मळईवर उभा होता. त्यानं त्यांना नदीच्या मध्यापासून येताना पाहिलं होतं, पण तो काठापर्यंत आला नाही.

"काय दाजी? जमीन न्यायला आलास?"

आबाजीनं टोपली खाली ठेवली. त्याच्या धोतरातून पाणी गळत होतं. "नाय रं. काठ्या मागायला."

"कसल्या?"

"निरगुडीच्या. तुज्या मळईवर आपसूक उगावलीय. माज्याकडं एक बुंधा ठेवला नाय."

वाल्मिकनं बहिणीकडे पाहिलं. मग टोपलीकडे. "बाय, ही आईची हळद काय गं?"

सुंदरानं मान हलवली. तोवर हिरू घरातून पोरीला काखेत मारून पळत आली होती. "वन्सं, आधी ही घ्या," ती म्हणाली आणि पोर सुंदराच्या हातांत दिली. पोर अनोळखी माणसाला बघून जोरात रडली. वाल्मिकनं कमरेचा कोयता काढला आणि आबाजीकडे पुढे केला. "तूच तोड दाजी. तुला तोडायची लई हौस."

त्या पावसाळ्याच्या अखेरीस दोघं मेव्हणे दहा दिवस दरडीवर राबले. खाली मोठे दगड रचले, वर निर्गुडीच्या काठ्या वीतभर अंतरानं ठोकल्या, त्यांमधे करंजाच्या बिया पेरल्या. दसऱ्याला आबाजीनं मोजलं तेव्हा एक्केचाळीस भरली. पुढल्या वर्षी एकोणचाळीस. त्यानंतर एकोणचाळीसच राहिली.

मळई मात्र टिकली नाही. अडुसष्ट सालच्या एका पुरात नदीनं वळण मोडून सरळ वाट काढली, आणि वाल्मिकची वालाची सतरंजी एका दिवसात गेली. तो दुसऱ्या दिवशी अलीकडे येऊन आबाजीच्या ओट्यावर बसला. आबाजीनं त्याच्यापुढे तंबाखूची चंची सरकवली. तंबाखू मळता मळता वाल्मिक म्हणाला, "चल दाजी, खालच्या वळनावर जाऊन बघू, काय काय लागलंय."

आता ऐंशी सालही मागे पडलं. आबाजी नाही, लडकू नाही. निर्गुडी माणसाच्या वर गेली आहे, पण उंबर आणि काठ यांच्यामधली जमीन आटल्यामुळे ओट्यावर बसलं की फांद्यांच्या फटीतून नदी दिसते. पोरं भर दुपारी जिथं डुंबतात तिथं सुंदराची हळद होती. ती नातवंडांना हात करून दाखवते, तिथं रोप होतं, तिथं मी पाठीवर आपटले. त्यांना पाण्यात काहीच दिसत नाही. ती हसतात.

दसऱ्याला आपट्याचं पान उंबराला लावून आता ती मोजते. पायात चप्पल नाही, हातात काठी. तिची पावलं लहान आहेत, गुडघे धरल्यापासून आणखी लहान झाली आहेत. यंदा काठाशी पोचेपर्यंत बहात्तर भरली. ती निर्गुडीला हात टेकून थोडा वेळ उभी राहिली, मग मागे उंबराकडे वळून म्हणाली, "बघा, भरली का नाय?"